पातेलं एकीनेच उचलायचं

१९ मे, सोमवार

वही उघडण्याआधी गॅस बंद केलास का, कविते? नाही ना? जा.

उतू गेलंच होतं. ही माझी लिहिणारी आणि वाचणारीही हीच, कारण मला अक्षर येत नाही. मी सांगते, सून लिहिते. महिन्याभराने म्हटलं मागचं पान वाचून दाखव, की हीच माझ्याकडे डोळे मोठे करून बघते, "आत्या, असं कधी झालं?" बाई, अक्षर तुझं आहे. म्हणून या वेळी सगळं नीट लिहवून घेणार. विसरलीस तर पुरावा राहील.

आजपासून हिला पंधरा दिवस सुट्टी. अंगणवाडीत मे महिना अर्धा-अर्धा वाटून घेतात. आधी सेविका नलूबाई घरी बसल्या, आता मदतनीस, म्हणजे आमची कविता. नलूबाई नव्हत्या तेव्हा गाणी हिनेच म्हटली, पोरांची वजनं हिनेच केली, रजिस्टर हिनेच भरलं. तरी सगळे हाक मारतात ती "हेल्पर". नाव कुणी घेत नाही.

नलूबाई जूनअखेर निवृत्त. त्यांची जागा मदतनिसाला मिळू शकते, पण बारावी पास पाहिजे. हिचं बारावीचं इंग्रजी राहिलेलं. अठरा वर्षं राहिलंय. आता फॉर्म भरलाय, २४ जूनला पेपर. पास झाली तर सेविका. नाही झाली तर कुणी बाहेरची येणार आणि ही पुढची वीस वर्षं तिच्या हाताखाली पातेली घासणार.

"आत्या, हे नका ना लिहायला लावू."

लिही म्हटलं.

२१ मे, बुधवार

नात शिकवायला बसली. साक्षी, नववीत, इंग्लिश मीडियम. आईला शिकवताना आवाज असा की शेजारी दार लावून घेतात. मी लसूण सोलत होते.

"मम्मी, वर्ब म्हणजे काय?"

मी वरवंटा ऐकलं. म्हटलं, वरवंट्याचं इंग्रजीत काय काम? दोघी पोट धरून हसल्या. हसा.

"आजी, वर्ब! क्रियापद. वाक्यात जे काम चाललंय ते."

मग पुढे ट्रान्झिटिव्ह आणि इन्ट्रान्झिटिव्ह. कविताचा चेहरा कारल्याची भाजी खाल्ल्यासारखा. मी म्हटलं मराठीत सांग. तर म्हणे सकर्मक आणि अकर्मक. एकाला कर्म लागतं, एकाला लागत नाही.

मग वरवंटाच की! पाट्यावर नुसता फिरवून काय होतं? खाली काहीतरी पाहिजे. "ती वाटते" म्हटलं की विचारायचं, काय वाटते? मिरची. सापडलं कर्म. "तो झोपतो" म्हटलं तर विचार, काय झोपतो? काही नाही, नुसताच झोपतो. आमचे हे असेच होते. जन्मभर अकर्मक. गेले बिचारे, तिथंही आडवेच असतील.

साक्षीने हळूच माझं वाक्य तिच्या वहीत लिहून घेतलं. मी बघितलं.

२५ मे, रविवार

विहाराच्या वरच्या खोलीत अभ्यासिका आहे. कविता दुपारी तिथं जाऊन बसते. पोलीस भरतीची पोरं असतात. एकाने विचारलं, "काकू, मुलीला घ्यायला आलात का?" ही म्हणाली, "नाही, मीच आले." त्याने उठून पंख्याखालची जागा दिली म्हणे. शहाण्या आईचा दिसतो.

आज काय शिकलीस विचारलं. लिंकिंग वर्ब. म्हणजे जे स्वतः काही काम करत नाही, नुसतं दोघांना जोडतं. "शी इज हॅपी." ती आणि आनंदी, मध्ये इज. म्हटलं कळलं, सोयरीक जुळवणारा. स्वतः लग्न करत नाही, मध्ये बसून चहा पितो. पण तो नसला तर दोन्ही घरं आपापल्या जागी.

पण ही अडली पुढे. "लुक" म्हणजे बघणं, मग "शी लुक्स टायर्ड" मध्ये ती कुणाकडे बघते? मी म्हटलं, अगं परवाचंच घे. "सून मिरची वाटते." यात काम आहे, हात भगभगतात. "सून दमलेली वाटते." यात काय वाटलं तिनं? काही नाही. इथं वाटते म्हणजे दिसते. शब्द तोच, पण कधी कामाला जातो, कधी सोयरीक जुळवतो.

कविताने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आत्या, तुम्हाला शाळेत का नाही घातलं?"

शेळ्या कुणी राखल्या असत्या?

२९ मे, गुरुवार

सकाळपासून पोळ्या लाटता लाटता हिचं चालू: गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. तव्यावरची पोळी जळली की ती बाजूला काढायची. मग परत गो, वेंट, गॉन.

मी विचारलं, गो आणि वेंट यात एक तरी आवाज सारखा आहे का? साक्षी म्हणाली, "इरेग्युलर आहे आजी. नियम नाही, पाठ करायचं." कविता लाटणं आपटून म्हणाली, "येडी भाषा आहे."

येडी कशी? आपलं बघ. बसते-बसली, हसते-हसली, सरळ. आणि जाते? जाली म्हणतो का? गेली! करते-केली. येते-आली. मरते-मेली. आपण कधी पाठ केलं का हे?

दिवसभर मी हाच विचार केला. जी वाकडी आहेत ती कुठली? जाणं, येणं, करणं, खाणं. सगळी रोजची. लग्नात आलेला डिनर सेट अजून शोकेसमध्ये नवा आहे, रोजच्या तांब्याला मात्र सतरा पोचे. शब्दांचंही तेच असणार. हाताळून हाताळून वाकले बिचारे.

साक्षीने क्लासच्या बाईंना विचारीन म्हटलं. विचार.

मला त्यातले कट-कट-कट आणि पुट-पुट-पुट आवडले. कालही कट, आजही कट. काळ बदलला, ते बदलले नाहीत. स्वभाव आहे एकेकाचा.

२ जून, सोमवार

सुट्टी संपली. आज काही लिहिलं नाही. कविता आली, पाणी प्यायली, आत जाऊन पडली.

३ जून, मंगळवार

कालचं आज लिहितोय. ही सांगत नव्हती, मी काढून घेतलं.

काल मीटिंग होती. पुढच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, ही बसली. कुणीतरी मोठ्या बाई आल्या, म्हणाल्या, "हेल्परनी मागे बसा, पुढे सेविकांना जागा द्या." ही उठली. मागे खुर्ची नव्हती. दीड तास भिंतीला टेकून उभी.

रात्री मुलगा म्हणाला, "राहू दे ना मग. आहे ते बरं आहे." दिलीपचं मन वाईट नाही, पण तो कंपनीतून आला की त्याला सगळं आहे ते बरंच वाटतं.

आणि वर साक्षीने सराव पेपर तपासला. वीस वाक्यांत चौदा चुका. सगळ्या एकच चूक. "शी डिड नॉट वेंट." "आय डिड नॉट एट." "दे डिड नॉट केम." अठरा वर्षांपूर्वीही हिने हेच लिहिलं होतं, ही स्वतःच म्हणाली.

"मम्मी, डिड आलं की वेंट नाही, गो!"

"पण कालचं आहे ना? काल गेली नाही. मग गो कसं?"

"नियम आहे!"

"का आहे?"

"आहे ना!"

कविताने पुस्तक कपाटात ठेवलं आणि कपाटाला कडी घातली. पुस्तक काय पळून जाणार होतं?

(आत्या, एवढं लिहू का? – लिही.)

६ जून, शुक्रवार

आजचं ठळक अक्षरात लिही.

तीन दिवस कडी तशीच. आज दुपारी मी काढली. साक्षीला बोलावलं, म्हटलं मला शिकव, तुझ्या आईला नाही. कविता भांडी घासत होती, नळ बारीक केला. ऐकत होती.

म्हटलं, हे डिड कोण?

"हेल्पिंग वर्ब."

म्हणजे हेल्पर?

"हो आजी, हेल्परच. आणि गो मेन वर्ब."

म्हणजे सेविका. बरं. एरवी काय असतं?

"डू. कालचं असलं की डिड."

मग कालचं ओझं कुणी घेतलं?

साक्षीने वहीत बघितलं. म्हणाली, "हेल्परने."

आता सांग. अंगणवाडीत खिचडीचं पातेलं आतून बाहेर कोण आणतं? हेल्पर. नलूबाई पुढे मोकळ्या हाताने चालतात. बरोबर? उद्या नलूबाई म्हणाल्या, मी पण धरते, तर काय होईल? दोघींचे हात पोळतील आणि खिचडी सांडेल. पातेलं एकीनेच उचलायचं. डिडने कालचं ओझं उचललंय ना, मग गो बाईंनी मोकळं चालायचं. वेंट व्हायचं नाही.

नळ बंद झाला. कविता ओल्या हाताने आली. म्हणाली, "आणि डज? डज नॉट गोज का नाही?"

तिथं काय ओझं आहे?

"गोजमधला तो एस."

तो पण हेल्परच्या डोक्यावर! डजमध्ये गेला ना तो? मग परत कशाला?

ही खाली बसली, साबणाच्या हाताने साक्षीची वही ओढली आणि वाक्यं लिहायला लागली. दहा लिहिली. साक्षीने तपासली. दहाची दहा बरोबर. आणखी दहा. बरोबर. मग मला म्हणाली, "आत्या, अठरा वर्षं मी दोघींना पातेलं उचलायला लावत होते."

आणि हसता हसता रडली. मी पण थोडी. साक्षी म्हणाली, "ग्रामरला कुणी रडतं का?"

रात्री शिरा केला.

१० जून, मंगळवार

साक्षीने क्लासच्या बाईंना वाकड्या शब्दांचं विचारलं. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, जास्त वापरातले शब्दच जास्त वाकडे असतात. कुणी सांगितलं? "आजीने." बाईंनी विचारलं, आजी कुठल्या शाळेत शिकवायच्या? साक्षीने काय उत्तर दिलं ते सांगत नाही.

१३ जून, शुक्रवार

आज वाद. कविता हेल्पिंग वर्बची यादी पाठ करत होती. ॲम, इज, आर, वॉज, वेअर, हॅव, हॅज, हॅड, डू, डज, डिड. मग वही मिटली आणि म्हणाली, "बघा, इंग्रजीतसुद्धा हेल्पर तो हेल्परच." हसून म्हणाली, पण मला कळतं हसणं कुठलं ते. मीटिंगमधली भिंत अजून पाठीला आहे.

साक्षी म्हणाली, "कोण म्हणालं? 'शी इज ईटिंग' मध्ये इज हेल्पर. 'शी इज माय मदर' मध्ये दुसरं वर्बच नाही, मग इजच मेन."

मी लसूण बाजूला ठेवला. परत सांग म्हटलं.

"आजी, बी, हॅव आणि डू. हे तिघं दोन्ही करतात. 'शी हॅज ईटन', हेल्पर. 'शी हॅज अ डॉटर', मेन."

म्हणजे सेविका हजर असली तर हेल्पर, नसली तर सगळं चालवणारी तीच?

"असं समज."

समजायचं काय त्यात, मे महिन्यात पंधरा दिवस बघितलं की मी! कविते, हे लिहिताना हात का थांबला? लिही. इंग्रजांनी पण ठेवलंय. मागची खुर्ची त्यांच्यात सुद्धा कायमची नाही.

साक्षी पचकलीच, "पण कॅन, मे, मस्ट, शुड कधी मेन होत नाहीत हं. ते मोडल. कायम हेल्पर."

असू दे. आम्हाला मोडल नाही व्हायचं.

१७ जून, मंगळवार

मोडल कविताच्या डोक्यात बसत नव्हते. कशाचा अर्थ सल्ला, कशाचा सक्ती, कशाचा शक्यता. मी म्हटलं माणसं ठरव, माणसं विसरत नाहीत.

कॅन म्हणजे अंगात ताकद. ती तू. दहा किलोचं पोतं उचलते.

शुड म्हणजे सल्ला. समोरच्या इंदूबाई. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

मे म्हणजे झालं तर होईल. दिलीपचं घराला रंग देणं.

मस्ट म्हणजे केलंच पाहिजे, सुटका नाही. कविता पटकन म्हणाली, "ते तुम्ही."

जीभ चालायला लागली म्हणजे अभ्यास झाला.

२० जून, शुक्रवार

बी.पी. वाढलंय. पेपर हिचा, बी.पी. माझं.

२३ जून, सोमवार

नलूबाई घरी आल्या. निवृत्तीला आठवडा राहिला. मला वाटलं काही काम सांगायला आल्या, तर पर्समधून दोन पेनं काढली. म्हणाल्या, "हेल्पर, ही घे. निळी शाई. रिफिल नवी आहे." मग स्वतःच थांबल्या. "सवय गं. इतक्या वर्षांची सवय आहे तोंडाला." चहा घेतला. जाताना मला हळूच म्हणाल्या, "आजी, मलासुद्धा इंग्रजी दोनदा राहिलं होतं. कुणाला सांगू नका."

कुणाला नाही सांगितलं. फक्त लिहवून घेतलं.

२४ जून, मंगळवार

हिच्याबरोबर रिक्षाने मीही गेले. "आत्या, तुम्ही कशाला?" मी कशाला म्हणजे? कॉलेजच्या फाटकासमोर झाडाखाली बसले. आत जाणारी सगळी पोरं अठरा-वीसची. त्यात आमची साडीतली. शिपायाने पालकांनी बाहेर थांबा म्हटलं. हिने हॉल तिकीट दाखवलं. त्याने दोन वेळा वाचलं आणि सलाम केला. चेष्टेने नाही, खरंच केला.

तीन तास. शेजारी एक बाई मुलासाठी आलेली. म्हणाली, "तुमची नात का?" म्हटलं सून. मग तिने मला तिच्यातली अर्धी भेळ दिली.

बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

काय गं?

"आत्या, मस्ट आलं होतं. सक्ती दाखवणारा मोडल वापरा."

मग?

"तुमचा चेहरा आला डोळ्यासमोर. लिहिलं."

आणि ते आपलं?

"आलं ना! 'शी वेंट होम'चं नकारार्थी करा. मी आधी डिड नॉट वेंट लिहिलं."

अगं बाई!

"मग पातेलं दिसलं. वेंट खोडलं, गो लिहिलं. आत्या, खाडाखोड झाली. मार्क कापतील का?"

मी काय सांगू, मला अक्षरच येत नाही. पण म्हटलं, सांडायच्या आधी पातेलं सावरलं तर कुणी मार्क कापत नाही.

३० जून, सोमवार

नलूबाईंचा निरोप समारंभ. अंगणवाडीतच. मला पहिल्या खुर्चीवर बसवलं. पोरांनी गाणं म्हटलं, तिसऱ्या ओळीला विसरली, तिथून पुढे कविताने एकटीने म्हटलं. नलूबाई बोलायला उठल्या. ओटीतून किल्ल्यांचा जुडगा काढला. कपाटाची, धान्याच्या कोठीची, बाहेरच्या दाराची.

"कविताबाई, किल्ल्या घ्या."

कविताबाई.

इतकी वर्षं ऐकायची राहिलेली हाक, ती पण शेवटच्या दिवशी. ही पुढे झाली नाही, इकडे-तिकडे बघत बसली, दुसरी कुणी कविताबाई आहे की काय म्हणून. मी काठीने टोचलं.

८ जुलै, मंगळवार

अंगणवाडी सध्या हिच्यावर. नवी सेविका नाही, नवी मदतनीसही नाही. रजिस्टरमध्ये सहीला दोन जागा. हिने बालविकासच्या ऑफिसात विचारलं, मी कुठे करू? "सध्या दोन्हीकडे करा." म्हणजे खिचडी हिनेच आणली आणि खिचडी मिळाली म्हणून सही पण हिनेच केली. साक्षी म्हणाली, "मम्मी, तू बी, हॅव, डू झालीस."

रोज दमून येते, पण पाय आपटत येत नाही. फरक आहे.

१७ जुलै, गुरुवार

आज विहारात पाच-सहा बाया जमल्या. एकीची मुलगी दहावीला, एकीचा मुलगा. मला म्हणतात, "आत्याबाई, ते डिडचं सांगा ना आमच्या पोरांना." मी सांगितलं. पोरं हसली आणि समजली. एक मुलगा म्हणाला, "आजी, तुम्ही क्लास काढा." म्हटलं, काढते, पण फळा तू लिही, खडू मला कसा धरतात ते माहीत नाही.

कविता म्हणते यात फुशारकी जास्त झाली. बाई, सत्तर वर्षं फुशारकी मारायला काही मिळालं नव्हतं, आता मिळालंय तर मारू दे.

२९ जुलै, मंगळवार

निकाल दुपारी एकला लागणार होता. कविता म्हणाली, मी बघणार नाही, पोरांना जेवायला वाढायचंय. साक्षीने घरी मोबाईलवर नंबर घातला. मी तिच्या मागे. मला काय दिसतंय? गोल गोल फिरणारं काहीतरी. तिने दोनदा परत नंबर घातला, एवढं दिसलं.

मग किंचाळली.

इंग्रजी चोपन्न.

पस्तीस पुरले असते. चोपन्न!

चप्पल कुठली घातली आठवत नाही. दोघी अंगणवाडीत गेलो. ही पोरांच्या ताटात उसळ वाढत होती. साक्षी दारातूनच ओरडली, "मम्मी, चोपन्न!" हिने डाव खाली ठेवला नाही. रांगेतली शेवटची तीन ताटं वाढली. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एक चिमुरडी येऊन हिच्या साडीला धरून म्हणाली, "बाई, अजून उसळ."

"देते," म्हणाली. आणि दिली.

संध्याकाळी दिलीप जिलेबी घेऊन आला. म्हणाला, "मला माहीतच होतं." सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने जिलेबी खाल्ली.

३१ जुलै, गुरुवार

कागद घेऊन ऑफिसात. मार्कशीटची प्रत, अर्ज, फोटो. मी बरोबर होते. अर्ज घेणारा साहेब म्हणाला, "आजी, तुम्ही बाहेर बाकावर बसा, ताई एकट्या चालतील." मी बसले नाही.

अर्ज घेतला, शिक्का मारला. कविताने विचारलं, साहेब, निवडीची यादी?

"लागेल."

कधी?

"लागेल की. वेळ लागेल."

जिना उतरताना मी हिला म्हटलं, या लागेलचं काय ते सांग बघू. भूक लागते, ठेच लागते, पोर रडू लागतं, यादी लागते, वेळ लागतो. एकच शब्द, कुठं कुठं लागतो! घरी येऊन साक्षीला विचारलं तर तिच्या पुस्तकात याला जागाच सापडेना. मी म्हटलं, तुमच्या इंग्रजांना सांगा, हे एक आमच्याकडून घ्या.

आणखी एक. खालच्या गल्लीतल्या एका पोरीने याच जागेसाठी अर्ज नेलाय असं कानावर आलं. बी.ए. झालेली आहे. कविताला आधी माहीत होतं, मला सांगितलं नव्हतं. आता लिहिताना सांगतेय. मी म्हटलं, तिने भरावा. नियमात मदतनीस आधी आहे. नियम पाळला तर आपण. नाही पाळला तर मी तिसऱ्या मजल्यावर मोठ्या साहेबांकडे जाईन, आणि मला जिने चढायला डॉक्टरने मनाई केली आहे हे त्यांनी लक्षात ठेवावं.

४ ऑगस्ट, सोमवार

यादी नाही. कविताने सकाळी दोन्हीकडे सह्या केल्या आणि किल्ल्या कमरेला खोचून गेली. आता सावकाश चालते, किल्ल्या वाजायला नकोत म्हणून. मी म्हटलं वाजू दे.

चांदवडहून लेकीचा फोन आला होता. शोभा. वहिनी पास झाली म्हणून आनंदात, "आई, पेढे पाठवते!" आणि रस्त्यावरच्या ट्रकच्या आवाजात माझं बोलणं काही तिला ऐकू गेलं नाही. म्हणून कविते, आता हे मोठ्या अक्षरात लिही आणि या पानाचा फोटो काढून तिला धाड.

शोभे, पेढे पाठवू नको. पेढे चार दिवसांत आंबतात आणि ऑफिसचा कागद चार दिवसांत येत नाही. टिकणारं पाठव. यंदाच्या उन्हाळ्यातल्या गव्हाच्या कुरडया पाठव, चांगला मोठा डबा भरून, आणि मोडू नयेत म्हणून खाली-वर फडकं घाल. यादी लागली त्या दिवशी सगळ्या गल्लीला तळून वाटू. नाही लागली, तर रोज थोड्या तळून ऑफिसात नेऊ आणि त्यांच्या बाकावर बसून खाऊ. सोबत ज्वारीचे पापड, आपल्या बिबड्या, पण दे. लसणाच्या, तिखट असलेल्या. साध्या नको, साहेबांनाही द्यायच्यात.